एका चुलीची माणसं

आमच्या गावच्या लग्नात मी आता जेवत नाही. मंडप घालतो, खुर्च्या मांडतो, दिवे लावतो आणि पंगतीची वेळ झाली की घरी येऊन भाकरी खातो. लोक विचारतात, काय पंढरीशेठ, मटण सोडलंत का? मी हो म्हणतो. खरं सांगितलं तर गिऱ्हाईक तुटेल. खरं असं आहे की त्या पंगतीत बसलेल्या तोंडांची मला किळस येते. ती का येते हे सांगायचं तर हौसाकाकीचं सांगावं लागेल.

हौसाकाकी आमची शेजारीण. गाव काल्हेरच्या पुढे, खाडीच्या अंगाला, वस्ती सगळी आगऱ्यांची. आमच्या बापजाद्यांनी भात लावला, खाडीत जाळी टाकली. आम्ही गोदामांना जागा दिल्या आणि दारापुढून जाणारे ट्रक बघत बसलो. काकीनं मात्र एक जुनं काम धरून ठेवलं होतं. ती धवलारीण होती. आमच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण येते. ती धवले गाते, देवांना बोलावते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते, की या, तुमच्या घरात कार्य आहे. ते झाल्याशिवाय हळद लागत नाही. आणि आमच्या गावात हळदीचं पहिलं बोट धवलारणीचं. तिचा हात कपाळाला लागला की मग आई, मामी, बाकीच्या बायका.

काकीचा आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही. जाड होता, घशातून यायचा, आणि डीजेवाल्यानं माइक पुढे केला तर ती तो ढकलून द्यायची. पण गावातल्या प्रत्येक घरातलं गेलेलं माणूस तिला ठाऊक होतं. कोणाचा आजा खाडीत बुडाला, कोणाची पहिली बायको बाळंतपणात गेली, कोणाचं पोर पाळण्यातच गेलं, सगळ्यांची नावं धवल्यात यायची. ज्या पोराला आईबापही विसरले त्याचं नाव काकी घ्यायची आणि मग ती आई पदर डोळ्याला लावायची. बाकी तोंडानं ती फटकळ. नवरदेव हळदीआधी पिऊन आला तर सगळ्यांसमोर त्याचा कान धरायची. मला म्हणायची, पंढऱ्या, तुजा मांडव वाकडा हाय, नवरी बी वाकडी निंगंल. मी मुद्दाम दोरी सैल सोडून तिला विचारायचो, आता सरळ आहे का?

तिचा नवरा चांगदेव लवकर गेला, पण धवलारणीला ते आड येत नाही. घरात मुलगा मनोज, सून, नात क्षितिजा, आणि दीर बाळाराम. बाळारामाची बायको त्यांचा भाविक अगदी लहान असतानाच वारली, तेव्हा काकीनं मनोजला आणि भाविकला एकाच मांडीवर वाढवलं. भाविक तिला मोठी आय म्हणायचा. जमीन गोदामाला गेली, त्या भाड्यातून दुमजली घर उठलं, वर बाळाराम आणि भाविक, खाली काकी आणि मनोजचं कुटुंब. चूल मात्र एकच, खालची. काकी रांधणार आणि सगळे जेवणार, त्यात बाळाराम सगळ्यात आधी.

आता बाळारामाचं सांगतो. गोदामं आल्यापासून या माणसाचं तोंड चकाकायला लागलं. कपाळ गुळगुळीत, गाल भरलेले, कानाच्या पाळ्या जाड होऊन खाली लोंबलेल्या. भुवया विरळ झाल्या होत्या, त्यामुळे कपाळ आणखी मोठं दिसायचं. गाव म्हणायचं, दादाच्या तोंडावर तेज आलंय, लक्ष्मी बसलीय, कान बघा कसे भाग्यवंताचे. त्याला हे आवडायचं. तो खुर्चीत बसून पाळी चोळायचा आणि समोरचे माना डोलवायचे. मीही डोलावली असेल, गिऱ्हाईक मोठं होतं. चकाकणारं तोंड बघून आमच्याकडे कोणाच्या डोक्यात डॉक्टर येत नाही, जमिनीचा भाव येतो.

क्षितिजाचं शाळेत निघालं. तपासणीला आलेल्या बाईंना तिच्या कोपराखाली फिकट चट्टा दिसला. डोळे मिटायला लावून त्यांनी कापसानं हात लावला आणि विचारलं, कुठे लागलं ते बोटानं दाखव. पोरीनं सगळीकडे बरोबर दाखवलं, चट्ट्यावर मात्र तिला काही कळलं नाही. भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे सांगितलं की कुष्ठरोग आहे, सुरुवातीचा आहे, सहा महिने गोळ्या घ्यायच्या, पोरगी ठणठणीत होईल, शाळा बुडवायची नाही. नुकतंच पेपरात आलं होतं की हा रोग देशातून जवळजवळ संपल्याचं सरकारनं जाहीर केलंय. क्षितिजा पेपर वाचत नव्हती, म्हणून तिला झाला.

मनोज सुन्न झाला, सून रडली. काकीनं गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आणि रोज स्वतःच्या हातानं द्यायला लागली. बाळारामानं एकच गोष्ट धरली. पोरीचं नाव बाहेर जाता कामा नये, भाविकचं लग्न व्हायचंय. पोरगी त्याची लाडकी होती बरं का. संध्याकाळी त्याच्या अंगावर रेलून टीव्ही बघायची, त्याच्या ताटात जेवायची. पण काळजी कशाची, तर भाविकच्या लग्नाची.

मग मुंबईहून डॉक्टर लोक यायचं ठरलं. ज्या मुलांना हा रोग निघालाय त्यांचं आणि त्यांच्या घरातल्या माणसांचं रक्त घेऊन बघायचं, की अंगावर काही दिसायच्या आधी रक्तावरून कळतं का, असं त्यांचं काम चाललं होतं. त्यांच्याबरोबर अफीफा मॅडम नावाच्या डॉक्टर होत्या, भिवंडीतल्याच, कोकणी मुसलमान घरातल्या. आमच्यासारखंच मराठी बोलायच्या. त्या आधी एकदा येऊन काकीला सगळं समजावून गेल्या. घरातली माणसं कोण, हे ठरवायची त्यांची साधी रीत होती. एका चुलीवर जेवणारे ते एका घरातले. एका छपराखाली राहून चूल वेगळी असेल तर ते धरायचे नाहीत. एवढं ऐकून बाळाराम उठला आणि बाहेर गेला.

टीम यायच्या दिवशी दुपारपर्यंत वरच्या मजल्यावर गॅसची शेगडी आली. नवी कोरी, दुकानातलं लेबल तसंच चिकटलेलं. सिलिंडर पण जोडलेला नव्हता. अफीफा मॅडम आल्या आणि त्यांनी विचारलं, एका चुलीवर कोण कोण? बाळाराम जिन्यातूनच म्हणाला, आमची चूल येगली हाय, वर येऊन शेगडी बगा. तेव्हा त्याच्या पोटात काकीच्या हातचं कालवण होतं. नुकतंच जेवून तो वर गेला होता, हे मी माझ्या ओटीवरून बघितलं होतं.

मॅडम त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. नजर कानांवर होती. रक्त नको तर नको, म्हणाल्या, पण एकदा अंग दाखवून जा. त्यानं गोदामवाल्याबरोबर मीटिंग आहे सांगितलं आणि गाडी काढून निघून गेला. जाताना भाविकलाही घेऊन गेला, कारण चूल वेगळी.

क्षितिजा सुई बघून खांबाला चिकटली होती. तिच्याआधी काकीनं बांगड्या मागे सारून हात पुढे केला, सुई टोचून घेतली आणि नातीला म्हणाली, बग, काय झालं मना? उद्या मासली खाल्ली की परत भरंल. मग पोरीनं दिलं, सुनेनं दिलं, शेवटी मनोजनं तोंड वळवून दिलं. मॅडमनी सगळ्यांची अंगंही तपासली. पोरीशिवाय कोणाच्या अंगावर काही नव्हतं. जाताना काकीला त्या बाजूला घेऊन म्हणाल्या की तुमच्या दिरांना तेवढं पाठवा. काकीनं संध्याकाळी त्याला सांगितलं. तो हसत सुटला. म्हणे, माझ्या तोंडावरचं तेज बघून डॉक्टरणीला जळजळ झाली.

काही महिन्यांनी मॅडम रक्ताचा निकाल सांगायला आल्या. मनोजचं आणि सुनेचं काही नव्हतं. काकीच्या रक्तात खूण निघाली होती. मॅडमनी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं की हा रोग नाही. याचा अर्थ एवढाच, की जंतू तुमच्यापर्यंत पोचलेत आणि शरीर त्यांच्याशी लढतंय. पुष्कळांना पुढे कधीच काही होत नाही. तुमच्यामुळे कोणाला काही होणार नाही. फक्त मधून मधून अंग दाखवत जा. काकीला ते समजलं. मला सांगितलं तेव्हा तिनं इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं की मलाही समजलं.

घरातला मोठा पुरुष म्हणून तिनं ते बाळारामालाही सांगितलं. त्याचं त्यानं काय केलं ऐका. मुंबईची गाडी दारात दोनदा उभी राहिलेली गावानं बघितली होती, कुजबुज सुरू झाली होती, कोणाचं काय निघालं म्हणून. बाळारामानं चावडीजवळच्या पानटपरीवर उभं राहून आवाज उतरवून सांगितलं की वयनीच्या रक्तात निघाला. बिचारी आहे, म्हणाला, तिला काही बोलू नका. आणि तेवढं पुरलं.

मी तापून काकीकडे गेलो. म्हटलं, उठ, चल टपरीवर, सांगू सगळ्यांना की तुला काही झालेलं नाही, झालंय ते... आणि तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. क्षितिजा अंगणात लंगडी खेळत होती. काकी हळूच म्हणाली, "पोरीपरीस माजं नाव गेलेलं बरं. मना आता कोन बगाला येनार हाय?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसली. मला हसू आलं नाही.

पुढच्या लग्नसराईत गावानं तिला बोलावणं बंद केलं. कोणी तोंडावर काही बोललं नाही, आमच्या लोकांत तेवढी हिंमत कुठली. तुळशीरामाच्या घरी पहिलं लग्न होतं, त्याच्या पुतण्याचं. त्याची बायको कमळ काकीच्या रोजच्या बैठकीतली. तिनं निरोप पाठवला की यंदा नवऱ्याकडच्यांनी दापोड्याची धवलारीण ठरवलीय. अगं बाई, नवऱ्याकडचे तुम्हीच. मग दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. सगळीकडे ती दापोड्याची बाई यायची, माइक हातात धरून गायची. आमच्या घरांतली गेलेली माणसं तिला कशी माहीत असणार? ती आपली सगळ्या पितरांना एकत्र बोलवून मोकळी व्हायची. कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. पाळण्यातल्या पोराचं नाव आलं नाही म्हणून कोणत्या आईनं मान वर केली नाही. सगळ्यांचं लक्ष मटणाच्या भांड्याकडे.

बायकांनी आणखी पुढची मजल गाठली. काकीकडून नेलेला मसाला कमळनं परत आणून दिला, डबा धुऊन. सप्ताहाच्या भजनाला काकी गेली तर बुक्क्याची वाटी तिच्यापुढे जमिनीवर ठेवली, तिनं आपला आपण लावून घ्यायचा. शिकलेल्या सुना होत्या त्यात, एक तर शाळेत शिकवणारी. मी मंडपाच्या खांबाला दोरी बांधत हे बघायचो. कुष्ठरोगानं माणसाच्या बोटाला काय होतं ते मी भिवंडी स्टेशनवर बघितलंय, पण त्याची मला कधी किळस आली नाही. ही धुतलेल्या डब्यांची येते.

काकी आपलं घर सांभाळून होती. क्षितिजाच्या गोळ्या संपल्या, चट्ट्यावर हळूहळू कातडीचा रंग परत आला, डोळे मिटून बोट बरोबर जागी जायला लागलं. त्या दिवशी काकीनं मला ओरडून बोलावलं आणि पोरीला परत डोळे मिटायला लावून दाखवलं. शेगडीचं काय झालं? ती वर तशीच होती, लेबलासकट. भाविक मागच्या जिन्यानं उतरायचा आणि डबा भरून वर न्यायचा. काकीचं रक्त वाईट, कालवण चांगलं.

मग भाविकचं लग्न ठरलं. मुलगी रुचिका, ठाण्याची, नोकरी करणारी. काकीला एकाच गोष्टीची आस होती आणि ती तिनं लपवली नाही. बाकी गावानं नाही बोलावलं तर नाही, पण भाविकच्या कपाळाला पहिलं बोट माझं लागलं पाहिजे. त्याला मी अंघोळी घातल्यात, म्हणायची. आठवडाभर आधी तिनं हळकुंडं निवडली, स्वतः दळली, पितळेच्या वाटीत काढून ठेवली. मी मंडपाचं माप घ्यायला गेलो तेव्हा बाळाराम खाली आला होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, "वयनी, तू बसलीस तं लोक जेवाचे न्हाईत. समजून घे." काकी वाटीवरचं झाकण नीट करत राहिली. तिनं भाविककडे बघितलं. भाविक मोबाईलमध्ये बघत होता.

मी त्या दिवशी काम सोडायला हवं होतं असं माझी बायको म्हणते. मी नाही सोडलं, कारण मला काकीच्या दारापुढचा खांब माझ्या हातानं घालायचा होता. तिच्या खिडकीतून नवरा बसतो तो पाट दिसेल असा मी तो सरकवला. बाळारामाला वाटलं माझा मंडप वाकडा झाला. होऊ दे म्हटलं.

हळदीला अख्खं गाव, काल्हेरचे गोदामवाले, ठाण्याचे पाहुणे. सूर्य बुडायला आला तसे मी हॅलोजन लावले. दापोड्याची बाई गायली. पितरांना बोलावलं तेव्हा चांगदेवाचं नाव आलं नाही. नवऱ्याचा सख्खा काका, ज्याच्या जमिनीवर तो मंडप उभा होता, त्याचं नाव घ्यायचं कोणाला सुचलं नाही. खिडकीत काकी उभी होती. ती ओठांनी काही म्हणत होती. मला वाटतं तिनं आत ते नाव घेतलं असावं.

बाळाराम पाहुण्यांबरोबर माझ्या एका हॅलोजनच्या स्टँडपाशी उभा होता. रंगात आला होता, हातवारे करून बोलत होता. बोलता बोलता त्यानं दिव्याच्या पत्र्याच्या झाकणावर हात टेकवला. मी लांबून ओरडलो, कारण त्या पत्र्याला चुकून बोट लागलं तरी माणूस उडी मारतो. गाण्यात माझं कोणाला ऐकू गेलं नाही. बाळारामानं उडी मारली नाही. तो हात टेकून तसाच उभा, हसतोय, गोष्ट सांगतोय. मग वास आला. केस जळल्याचा, मग त्याहून वाईट. समोरच्या पाहुण्यानं नाकाला रुमाल लावला आणि इकडे तिकडे बघितलं की मटण कुठे करपलं.

मी पोचायच्या आत काकीचं दार उघडलं. ज्या मंडपात तिला बोलावणं नव्हतं त्या मंडपातून ती सरळ चालत आली, बायका साड्या सावरून बाजूला झाल्या, आणि तिनं बाळारामाचं मनगट धरून हात पत्र्यावरून उचलला. तळव्याची कातडी पत्र्याला चिकटून राहिली. तो तिच्याकडे चिडून बघत होता, हाताकडे नाही.

"बालाराम," ती म्हणाली, "तुजा हात जलला. तुला दुखत न्हाय?"

तेव्हा त्यानं हाताकडे बघितलं. चकाकणाऱ्या त्या तोंडावरून काहीतरी उतरत गेलं. डीजे चालूच होता. भाविक पाटावरून उठून आला, पिवळा धमक, आणि पहिलं काय बोलला, तर मोठी आय, तू आत जा, लोक बघतायत. काकी गेली नाही. तिनं बाळारामाला हाताला धरून आत नेलं, स्वतःच्या स्वयंपाकघरात, आणि पाण्याखाली हात धरला. बाहेर कोणीतरी सांगितलं की दादाला जरा चक्कर आली, आणि पंगती बसल्या. त्या दिवशी मी न जेवता घरी आलो आणि तेव्हापासून हे चालू आहे.

लग्न पार पडल्यावर काकीच त्याला घेऊन दवाखान्यात गेली. मनोज बरोबर होता. अफीफा मॅडमनी तपासलं, कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन आतलं पाणी काचेवर काढून बघितलं. जंतू भरपूर होते आणि रोग बरीच वर्षं अंगात होता. ज्याला गाव तेज म्हणत होतं ते हेच होतं. क्षितिजाला कोणाकडून झाला हे खात्रीनं सांगता येत नाही, मॅडम म्हणाल्या, पण पोरगी रोज ज्याच्या अंगावर रेलून बसते त्याला आधी तपासलं असतं तर बरं झालं असतं. वर्षभराच्या गोळ्या लागल्या. गोळ्या सुरू झाल्यावर लवकरच त्याच्यापासून कोणाला धोका राहणार नाही, हेही सांगितलं. हाताची जखम भरली, दोन बोटं मात्र वाकडीच राहिली. गोळ्यांनी त्याचं तोंड काळवंडलं. तो सांगायचा की स्लॅबच्या कामावर उन्हात उभा होतो. पण खरं काय ते गावाला एव्हाना कळलं होतं.

आता गावाची गंमत बघा. बाळारामाकडे जागा मागायला, नोकरी मागायला लोक येतच राहिले. दादा दादा म्हणत खुर्चीच्या टोकावर बसायचे. चहा विचारला की म्हणायचे चहा नको, थंड चालेल, आणि बंद बाटली मागायचे. बाटली आपल्या हातानं उघडायची, रुमालानं तोंड पुसायचं आणि प्यायची. पूर्वी हेच लोक त्याच्या ताटातलं उचलून खायचे. भाविक आणि रुचिका काल्हेरच्या नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेऊन गेले. जाताना भाविक म्हणाला, आमची चूल आता वेगळी असलेली बरी. शब्द बापाचेच होते. ती कोरी शेगडी पण घेऊन गेला. गोदामाचं भाडं घ्यायला मात्र येतो, भाड्याला वेगळी चूल लागत नाही.

बाळाराम वरच्या मजल्यावर एकटा राहिला. त्याला भूक लागते की नाही हे विचारायलाही कोणी वर जात नव्हतं. काकी दोन्ही वेळेला ताट पाठवायला लागली. क्षितिजा नेऊन द्यायची. मी काकीला विचारलं की याच माणसानं तुझं नाव टपरीवर नेलं, आठवतंय ना? आठवतंय, ती म्हणाली, आणि ताटात आणखी एक बोंबील टाकला. मला तिचाही राग आला.

गावानं मग काकीबद्दल मत बदललं. हौसाचं काही नव्हतं, सगळं त्याचंच होतं, असं बायका आपसात म्हणायला लागल्या. कोणी काकीची माफी मागितली नाही, मसाला परत न्यायला लागल्या एवढंच. आणि एके दिवशी कमळ नारळ घेऊन आली. तिच्या मुलीचं लग्न होतं, आणि दापोड्याची बाई आजारी होती. मी मांडवाचं बोलायला त्याच ओटीवर बसलो होतो. नारळ पाहून काकीचा चेहरा असा उजळला की मला कमळचं सगळं माफ करावंसं वाटलं. काकीनं लगेच त्यांच्या घरातली गेलेली माणसं बोटांवर घ्यायला सुरुवात केली, कमळच्या सासूची आई, तिचा धाकटा दीर.

कमळनं नारळ अजून हातातच धरला होता. तिनं जिन्याकडे डोळे केले आणि म्हणाली की लोक विचारतात, म्हणून सांगते, लग्न होईपर्यंत वर ताट पाठवणं तेवढं थांबव. तुझा हात हळदीला लागणार. काकीची बोटं थांबली.

आता याला योगायोग म्हणा, की त्याच वेळी अफीफा मॅडमची गाडी आली. ठरल्याप्रमाणे पुन्हा रक्त घ्यायला आणि अंगं तपासायला त्या आल्या होत्या. गाडी बघून कमळ सरकून भिंतीला टेकली. मॅडम बसल्या, पाणी प्यायल्या, काकीनं दिलेल्या पेल्यातून, आणि नेहमीसारखं विचारलं, "मावशी, सध्या एका चुलीवर कोण कोण?"

काकीनं एकदा नारळाकडे बघितलं. माझ्या मनात आलं, फक्त चार नावं घे. कोणाचं काही बिघडत नाही. तपासणी त्याची दवाखान्यात होतेच आहे. चार नावं घे आणि हळदीला जा.

"मी," काकी म्हणाली. "मनोज, सून, क्षितिजा." आणि मग, "आन बालाराम."

कमळनं नारळ पिशवीत घातला, उद्या येते म्हणाली आणि गेली. उद्या आली नाही. तिच्या मुलीला हळद कोणी लावली ते मला माहीत आहे, मंडप माझाच होता. कुठलीशी बाई शोधून आणली होती, तिला तर आमच्या गावाचं नावही नीट घेता येत नव्हतं.

मॅडम गेल्यावर मी काकीवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. म्हटलं, ज्यानं तुला टाकलं, खोटी चूल दाखवली, तुझं हळदीचं बोट काढून घेतलं, त्याला तू स्वतःहून आपल्या चुलीत ओढतेस? ती दंडावरचा कापूस दाबून बसली होती, आताच रक्त दिलेलं.

"माज्या रगतान जं निंगालं तं त्याच्याकडनंच आलं ना?" ती म्हणाली. "मंग तो दुसऱ्या चुलीचा कसा?"

क्षितिजा शाळेत गेली होती. काकीनं ताट वाढलं, वर फडकं टाकलं आणि माझ्या हातात दिलं. मला बाळारामाचं तोंड बघायचं नव्हतं, आजही बघायचं नसतं. मी ताट घेतलं आणि जिना चढलो.